डाव्या खांद्यामागचा कॉक

जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एक छोटं शिकाऊ विमान शेतात कोसळलं. चालवणारी शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. विमान चेपलं होतं, भोवती बघ्यांची गर्दी, आणि अर्ध्या तासात तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर. त्यानंतर पाच मिनिटांत मावशीचा फोन.

माझा मावसभाऊ तेव्हा कमर्शियल पायलटचं लायसन्स काढत होता. वेगळ्या गावात, वेगळ्या क्लबमध्ये. फ्लॅट तारण ठेवून मावशीने फी भरलेली. तिने एकच प्रश्न विचारला, "काय रे, हवेत इंजिन बंद पडलं तर ही पोरं करतात काय?"

"ग्लायडरसारखं तरंगत खाली येतात," असं काहीतरी मी ठोकून दिलं. मावशी शाळेत गणित शिकवायची. म्हणाली, "तू वाचून सांग. अंदाजपंचे नको."

म्हणून मी वाचायला घेतलं, ते अजून सुटलेलं नाही. अपघातांचे सरकारी तपास अहवाल हा किती व्यसनी वाचनप्रकार आहे हे मला माहीतच नव्हतं. भाषा कोरडी ठणठणीत, आणि ओळीओळीत माणूस.

सुरुवात एका सिगारेटपासून करतो.

१९ जुलै १९०९. राईट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला सहा वर्षंही झाली नव्हती. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्याला लंडनच्या 'डेली मेल'ने १,००० पौंडांचं बक्षीस लावलेलं. ह्युबर्ट लॅथम नावाचा श्रीमंत, देखणा, जरा बेफिकीर तरुण आपलं 'आंत्वानेत' विमान घेऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघाला. काही मैल गेल्यावर इंजिन थांबलं. खाली फक्त पाणी. लॅथमने विमान शांतपणे उतरवलं, थेट समुद्रावर. लाकूड आणि कापडाचं विमान, ते तरंगत राहिलं. मागून येणारी फ्रेंच युद्धनौका पोहोचली तेव्हा साहेब पाय वर घेऊन सिगारेट ओढत बसले होते.

सहा दिवसांनी लुई ब्लेरिओ निघाला आणि ३६-३७ मिनिटांत पलीकडे पोहोचलासुद्धा. त्याचं २५ अश्वशक्तीचं आन्झानी इंजिनही तापण्यासाठी कुप्रसिद्ध होतं. वाटेत पावसाची सर आली आणि तिने इंजिन थंड ठेवलं, अशी कथा सांगतात. लॅथमने दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला. डोव्हरचा किनारा समोर दिसत असताना इंजिन पुन्हा बंद, पुन्हा समुद्र. इतिहासाने ब्लेरिओला लक्षात ठेवलं. मला लॅथम जास्त आवडतो. (पुढे १९१२ साली तो आफ्रिकेत शिकारीला गेला आणि तिथेच मेला. रानम्हशीने मारलं असं सांगतात. विमानाने नाही!)

लॅथमच्या गोष्टीत मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. विमानाला हवेत धरतात ते पंख, आणि पंखांना हवा असतो वेग. इंजिन चालू असताना वेग पेट्रोलमधून येतो. ते बंद पडलं की नाक जरा खाली करून तो उंचीतून काढायचा. घाटात गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडावी तसं. (घाटात हे करू नका.) आज फ्लाइंग क्लबात दिसणारं सेसना १७२ इंजिनाशिवाय एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. हजार फुटांवर असाल तर अडीच-पावणेतीन किलोमीटर अंतर हातात असतं. तेवढ्यात शेत शोधायचं.

म्हणजे उंची ही शिदोरी. ती जवळ नसेल तर काय होतं, हे १५ ऑगस्ट १९३५ रोजी अलास्कात दिसलं.

विली पोस्ट हा त्या काळातला जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वैमानिकांपैकी एक. तेलविहिरीवर काम करताना त्याचा एक डोळा गेला, आणि नुकसानभरपाईच्या पैशातून त्याने पहिलं विमान घेतलं. १९३३ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. ७ दिवस, १८ तास, ४९ मिनिटं, एका डोळ्यावर. त्याच्यासोबत होता विल रॉजर्स. तो अमेरिकेचा सगळ्यांत लाडका विनोदकार, सिनेनट आणि वर्तमानपत्रातला स्तंभलेखक होता. आपल्याकडच्या तीन-चार लोकांची लोकप्रियता एकत्र केली तर अंदाज येईल.

त्यांचं विमान मात्र जुगाड होतं. धड लॉकहीडच्या एका मॉडेलचं, पंख दुसऱ्याचे, आणि पाण्यावर उतरण्यासाठी लावलेले तरंडे भलत्याच, मोठ्या विमानासाठी बनवलेले. सगळं मिळून विमान नाकाकडे जड झालं होतं. इंजिन जोरात चालू असेपर्यंत ते सांभाळता यायचं. धुक्यात वाट चुकल्यावर दोघं पॉइंट बॅरोजवळ एका खाजणात उतरले आणि तिथे तळ ठोकलेल्या स्थानिक शिकाऱ्याला रस्ता विचारला. अगदी आपण हायवेवर टपरीवाल्याला विचारतो तसं. बॅरो फक्त पंधराएक मैलांवर होतं. पुन्हा पाण्यावरून उठले, वळण घेतलं, आणि इंजिन थांबलं. नाक खाली गेलं. सावरायला उंचीच नव्हती. दोघेही जागीच गेले. तो शिकारी कित्येक तास टुंड्रा तुडवत बॅरोला पळत गेला आणि त्याने बातमी सांगितली.

तरंगण्याचं शास्त्र लॅथमइतकंच पोस्टलाही पाठ होतं, किंबहुना जास्तच. फरक होता तो विमानाच्या तोलाचा आणि पायाखालच्या फुटांचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण मावसभावाच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात ती त्याच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली होती. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर माणसाचं मन म्हणतं, मागे वळ, धावपट्टी तिथेच आहे. आणि तेच जीवघेणं ठरतं. ५०० फुटांवर इंजिन थांबलं तर सेसना पाऊण मिनिटाच्या आसपास जमिनीवर येणार. त्यात मागे वळायचं म्हणजे विमान कलंडवायचं. कलंडलेल्या विमानाला हवेत राहायला जास्त वेग लागतो, आणि वेग तर संपत आलेला. शिवाय अर्धं वर्तुळ पुरत नाही. वळून तुम्ही धावपट्टीच्या बाजूला येता, तिच्यावर नाही. वेग मर्यादेखाली गेला की पंख हवा सोडतात आणि विमान गिरकी घेत पडतं. इंग्रजीत या वळणाला 'अशक्य वळण' असंच नाव आहे. पुरेशी उंची आणि सराव असेल तर ते जमतंही, पण शिकाऊ पोराला सांगतात: समोर जे असेल तिथे उतर. ऊस तर ऊस.

आता एक प्रसंग आपल्या बाजूचा. १९३० साली आगाखानांचं ५०० पौंडांचं बक्षीस खुलं होतं: इंग्लंड ते भारत किंवा उलट दिशेने एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला. तिघं शर्यतीत होते. मनमोहन सिंग, सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनियर आणि पंचविशीतले जे. आर. डी. टाटा. ॲस्पी इंग्लंडहून निघाला, जेआरडी कराचीहून. विमानं जिप्सी मॉथ जातीची. उघडी कॉकपिट, एकच इंजिन, रेडिओ नाही.

इजिप्तमध्ये अबुकीरच्या धावपट्टीवर दोघांची गाठ पडली. ॲस्पी अडकून पडला होता, कारण त्याला स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींकडे जास्तीचे होते. त्यांनी देऊन टाकले. ॲस्पी कराचीला आधी पोहोचला आणि शर्यत जिंकला. पुढे तो भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

ही गोष्ट आपण नेहमी जेआरडींच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण मला त्यातला स्पार्क प्लग जास्त दिसतो. १९३० साली वाळवंट आणि समुद्रावरून उडणारा माणूस खिशात जास्तीचे प्लग ठेवायचा. कारण हे जातं, हे त्याला माहीत होतं. तेलाने काळं पडतं, काजळी धरतं, ठिणगी पडत नाही. माझे आजोबा राजदूतचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, तोच हा प्रकार, फक्त भूमध्य समुद्रावर. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी टपालाची पोती घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले, तेही एकाच इंजिनाच्या पस मॉथमधून. भारतीय नागरी विमानसेवेचा जन्म म्हणून आपण तो दिवस साजरा करतो. त्या दिवशी जुहूच्या मातीवर उभ्या असलेल्या मंडळींचे कान आकाशाकडे लागले असतील असं मला नेहमी वाटतं.

आज छोट्या विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, आणि त्यांना ठिणगी देणारे दोन वेगळे मॅग्नेटो. मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यावर चालतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन चालू राहतं. उडण्याआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. फेरे थोडे कमी झाले पाहिजेत, इंजिन अडखळता कामा नये. आमच्या शेजारच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग गाडीत का नाही देत दोन दोन?" गाडी बंद पडली तर आपण ती बाजूला घेतो, काका.

इंजिन बंद पडण्याची एक तऱ्हा मला वाचेपर्यंत खरीच वाटली नसती. ती म्हणजे बर्फ. तोही भर दमट दिवसात, बाहेर २५ अंश असताना. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, पेट्रोलची वाफ होते, आणि दोन्हींमुळे आतलं तापमान एकदम तीसेक अंशांनी खाली जाऊ शकतं. हवेतला ओलावा तिथेच गोठतो. जुन्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये थर साचतो तसा थर चढतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यासाठी गरम हवा सोडण्याचा एक खटका असतो. सगळ्यांत गंमत म्हणजे अपघातानंतर तपास करणारे येईपर्यंत तो बर्फ वितळून गेलेला असतो. पुरावाच शिल्लक नाही.

पण अहवालांत पुन्हा पुन्हा भेटतं ते कारण इतकं साधं आहे की वाचताना लाज वाटते. पेट्रोल. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने म्हटलंय की २०११ ते २०१५ मध्ये इंधनाच्या घोळामुळे त्यांच्याकडे दर वर्षी सरासरी पन्नासहून जास्त अपघात झाले. त्यात दोन प्रकार. एकात पेट्रोल संपतं. दुसऱ्यात ते विमानात असतं, पण भलत्याच टाकीत, आणि इंजिन उपाशी मरतं.

या दुसऱ्या प्रकारासाठी आमच्या बाबांची बजाज आठवायला हवी. तिला सीटखाली पेट्रोलचा कॉक होता. चालू, बंद, रिझर्व्ह. सिग्नलला गाडी फुरफुरायला लागली की बाबा न बघता हात खाली घालून कॉक फिरवायचे आणि गाडी पुन्हा धावायला लागायची. बघायची गरजच नव्हती. कॉक नेहमी तिथेच असायचा.

जॉन डेन्व्हरचा नव्हता.

'टेक मी होम, कंट्री रोड्स' तुम्ही ऐकलंय. कॉलेजच्या प्रत्येक ट्रीपमध्ये एक गिटारवाला ते वाजवतोच. डेन्व्हर नवशिका वैमानिक नव्हता. वडील अमेरिकी हवाई दलात वैमानिक, आणि स्वतःचे २,७०० हून जास्त तास उड्डाण झालेलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये त्याने एक जुनं 'लाँग-ईझी' विकत घेतलं. बर्ट रुटानने आराखडा केलेलं हे विमान घरी बांधायचं असतं. दिसायला विचित्र, इंजिन मागे, छोटे पंख पुढे. विलक्षण चपळ.

रुटानच्या आराखड्यात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. पण ज्याने हे विमान बांधलं, त्याला पेट्रोलची नळी कॉकपिटमधून न्यायची नव्हती. माणूस बसतो तिथे पेट्रोल नको. विचार सुरक्षेचाच होता. म्हणून त्याने कॉक मागच्या पडद्यावर बसवला, वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे. त्यावर कुठली बाजू कुठल्या टाकीची, हेही लिहिलेलं नव्हतं. पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागेच.

१२ ऑक्टोबरच्या दुपारी, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी विमानतळावर, डेन्व्हर आणि एक तंत्रज्ञ याच विषयावर बोलत होते. कॉकपर्यंत हात नीट पोहोचत नव्हता. त्यांनी हँडलला पकड लावून ते लांब करून बघितलं. तरी जमेना. तंत्रज्ञाने मागची पातळी बघायला छोटा आरसा दिला. पेट्रोल भरायचं का, असं विचारल्यावर डेन्व्हर नको म्हणाला, तासभरच उडायचंय. आणि कॉक फिरवायची वेळ आली तर ऑटोपायलटवर विमान सरळ ठेवून फिरवेन, असंही त्याने सांगितलं. पायाचे पेडल गाठायला त्याने पाठीशी उशी घेतली होती. त्यामुळे तो पुढे सरकलेला आणि कॉक आणखी मागे गेलेला.

मी हा भाग तीनदा वाचला. प्रत्येक वेळी वाटतं, आता कोणीतरी म्हणेल, जाऊ दे, आज नको.

सव्वापाचच्या सुमारास तो उडाला. तीन वेळा धावपट्टीला चाकं टेकवून पुन्हा उठला आणि मग समुद्राकडे गेला. साडेपाचच्या आधीच, पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्यावरच्या लोकांना विमान पाचशे फुटांच्या आत दिसलं, इंजिनाचा आवाज कमी झाल्यासारखा वाटला, मग विमान कलंडलं आणि नाकावर पाण्यात गेलं. डेन्व्हर त्रेपन्न वर्षांचा होता. त्याच्या रक्तात दारू सापडली नाही. त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र तेव्हा वैध नव्हतं हे खरं, आणि त्यावर तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पण अपघाताचं कारण ते नव्हतं.

तपासकर्त्यांनी तशाच विमानात माणूस बसवून बघितला. कॉक फिरवायचा तर उजवा हात दांड्यावरून काढायचा, खांद्याचा पट्टा सैल करायचा, सगळं अंग डावीकडे वळवायचं आणि उजवा हात डाव्या खांद्यामागे न्यायचा. आता हे खुर्चीत बसून करून बघा. मी केलं. डावीकडे पिळ घेताना आपला उजवा पाय आपोआप ताणला जातो. विमानात त्या पायाखाली उजवं पेडल असतं. ते दाबलं की विमान वळतं आणि कलंडतं. मंडळाने निष्कर्षात हेच लिहिलं: कॉकच्या नादात वैमानिकाचं लक्ष विमानावरून उडालं, नकळत पेडल दाबलं गेलं, ताबा सुटला. अपुरी तयारी, बांधणाऱ्याने हलवलेला कॉक, खुणा नसणं, हे सगळं त्याला जोडून आलं.

इंजिनात काही बिघडलेलं नव्हतं. दुसऱ्या बाजूचं इंधन इंजिनापर्यंत न्यायला हवी होती फक्त कॉकची एक फिरकी.

याच्या शेजारी मी हॅरिसन फोर्डला ठेवतो. हो, तोच, 'इंडियाना जोन्स'वाला. ५ मार्च २०१५ ला, वयाच्या ७२ व्या वर्षी, तो १९४२ चं रायन प्रशिक्षण विमान घेऊन सँटा मोनिकाहून उडाला. थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा एक छोटा जेट आटे सुटून निघाला होता. इंजिन बुडेल इतकं पेट्रोल जायला लागलं. फोर्डने परत येतोय असं टॉवरला कळवलं, मग धावपट्टी गाठता येणार नाही हे ओळखलं, आणि जवळच्या गोल्फच्या मैदानाकडे विमान नेलं. झाडाच्या शेंड्याला धडकून ते मैदानात आदळलं. फोर्डला बऱ्यापैकी इजा झाली, पण तो जगला आणि पुढे पुन्हा उडालाही. त्याचं इंजिन खरोखर बिघडलं होतं, डेन्व्हरचं नाही. फोर्डकडे हेलकावे खात का होईना, हातात धरलेलं विमान होतं.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. डेन्व्हरचं सांगावं की नाही, असा विचार करत होतो. शेवटी सांगितलं, कारण अंदाजपंचे नको म्हणाली होती. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "त्याच्या विमानात तो कॉक कुठंय?"

मला माहीत नव्हतं. त्या दिवाळीत क्लबवर गेलो तेव्हा मावसभावाला तेच विचारलं. त्याने दार उघडून दाखवलं. दोन सीटच्या मध्ये, खाली जमिनीवर: डावी, दोन्ही, उजवी. मोठ्या अक्षरांत. "दोन्हीवरच असतो, दादा," तो म्हणाला. मग शिडीवर चढून त्याने पंखावरचं झाकण उघडलं आणि मोजपट्टी टाकीत बुडवून पेट्रोल बघितलं. काटा दाखवत असला तरी काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो. खाली येऊन टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल नळीत काढलं आणि उजेडासमोर धरलं. निळसर, स्वच्छ, तळाला पाण्याचा थेंब नाही. ते आकडे त्याने वहीत लिहिले. हे सगळं करताना तो एक शब्द बोलला नाही. मला तो पहिल्यांदा मोठा वाटला.

एका उड्डाणात मास्तर मध्येच थ्रॉटल मागे ओढतात आणि म्हणतात, इंजिन गेलं. मग त्याने वेग धरायचा, शेत निवडायचं, वारा बघायचा, आणि हे सगळं जमल्यावर कॉक, मॅग्नेटो, गरम हवेचा खटका तपासायचा. शेत निवडताना काय बघतोस, असं मी विचारलं. म्हणाला, उभा ऊस दिसायला मऊ असतो पण आत जाऊ नये वाटतं, नांगरटीत तासाच्या दिशेने उतरायचं, आणि विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, म्हणून खांब शोधायचे.

मावशी त्याला रोज रात्री फोन करते. आधी विचारते, जेवलास का. आता त्याच दमात दुसरा प्रश्न असतो, "आणि पेट्रोल काढून बघितलंस?"